चांदणीखालची अक्षता

माझ्या सासऱ्यांकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर होतं, आणि दसऱ्याला त्याची पूजा करायचा मान माझ्या थोरल्या जावेचा होता. हे मला खुपायचं. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की ही बाई आडून आडून बोलते. जावेचं मला सगळंच खुपायचं. तिचे लांब केस खुपायचे, तिच्या हातची आमटी खुपायची, आणि ती माझ्याशी चांगली वागायची हे तर सगळ्यात जास्त खुपायचं. वाईट वागली असती तर निदान माहेरी जाऊन सांगायला काहीतरी मिळालं असतं.

गिरीजला आमची वाडी. केळी, नारळ, मधल्या पट्ट्यात भाजी आणि विहिरीच्या अंगाला सोनचाफा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे घर थोरलीच्या हातात. ती शेजारच्या गावातली, वाडीतच वाढलेली, यांच्याच बोलीत बोलणारी. मी ठाण्याच्या पोलीस लाइनीतली. सासरे तिच्याशी घरच्या बोलीत बोलायचे, भराभर, निम्मे शब्द गिळून, मध्येच खो खो हसत. माझ्याकडे वळले की एकदम शाळा तपासायला आलेल्या साहेबांशी बोलावं तसं शुद्ध मराठी. "तुला इथे काही अडचण तर नाही ना?" अहो, अडचण कसली? मलाही ते गिळलेले शब्द हवे होते!

सकाळी फुलांची तोडणी झाली की सासरे दोन चाफे केळीच्या पानात गुंडाळून आणायचे. दोन, हां. खोटं कशाला बोलू? एक तिला, एक मला. पण द्यायचे दोन्ही तिच्या हातात. "धाकटीला दे," एवढं म्हणून हातपाय धुवायला जायचे. मला मिळालेला प्रत्येक चाफा तिच्या हातून आलेला. तो मी केसात माळायचे आणि दिवसभर त्याच्या वासाने माझंच डोकं उठायचं. मला दुसरं काही नको होतं. सासरे तिच्याकडे जसं बघतात तसं त्यांनी एकदा माझ्याकडे बघावं, घरच्या माणसाकडे बघतात तसं. बस्स. पण एवढंसं मागणं कुणाला तोंडाने बोलून दाखवता येतं का?

तर ते रिव्हॉल्व्हर. पूर्वी वाडीत चोऱ्या फार व्हायच्या. केळीचे घड कापून न्यायचे, एकदा तर विहिरीवरचा पंपच उचलून नेला. त्यात नव्वदच्या सुमाराला जमिनींवर लोकांचा डोळा पडला. उमेळ्याकडे एकेका वाडीच्या जागी इमारत उभी राहायला लागली, आणि नको नको ती माणसं मोटारसायकलवरून येऊन आमच्या बांधाशी उभी राहायची. सासऱ्यांनी अर्ज केला, खेटे घातले आणि परवाना मिळवला. आयुष्यात एकदाच त्यांनी हवेत बार काढला. नेम नारळाच्या झावळीलाही लागला नसेल. पण त्या एका बारावर आजूबाजूच्या वाड्यांत त्यांचा दरारा होता, आणि ती गोष्ट ऐकल्याशिवाय आमच्याकडे पाहुण्याला चहा मिळायचा नाही.

बत्तीस बोअरचं, काळसर, बसक्या बांध्याचं होतं ते. मागचा खटका दाबला की मध्ये मोडायचं, म्हणजे नळी पुढे झुकायची आणि गोळ्यांची चक्री उघडी पडायची. चक्रीच्या पाठीवर एक चपटा तुकडा असतो, चांदणीच्या आकाराचा. रिव्हॉल्व्हर उघडलं की ती चांदणी वर उठते आणि रिकामी काडतुसं बाहेर काढते. मला हे ठाऊक होतं, कारण माझे वडील पोलीस खात्यात हत्यारं दुरुस्त करायचे. आर्मोरर म्हणायचे त्यांना. शाळेला सुट्टी असली की मी त्यांचा डबा घेऊन वर्कशॉपात जायचे आणि तिथेच स्टुलावर ठाण मांडून बसायचे. दसऱ्याला खात्यात शस्त्रपूजन म्हणजे मोठं प्रकरण. साहेब लोक येणार, हार, गुलाल, कुंकू. आणि दुसऱ्या दिवशी वडिलांच्या कपाळाला आठ्या. एकेक बंदूक घेऊन तिच्यातलं कुंकू काढत बसायचे आणि पुटपुटायचे, "पाटावर वाहा ना रे बाबांनो, नळीत कशाला वाहता?"

सासरच्या पहिल्या दसऱ्याला मी नवी नवरी. पडवीत पाट मांडला होता. त्यावर कोयते, पहार, पंपाचे पाने आणि मधोमध रिव्हॉल्व्हर. थोरली पैठणी नेसून बसली. तिने वाटीतलं घरच्या नारळाचं खोबरेल बोटांवर घेतलं आणि कोयत्यांना चोळलं तसंच रिव्हॉल्व्हरलाही चोळलं. चक्रीलाही तेल लागलं पाहिजे म्हणून सासऱ्यांनी ते कौतुकाने उघडून धरलेलं. मग हळद, कुंकू, अक्षता, झेंडू. मला काही राहवेना. म्हटलं, "ताई, याला खोबरेल नका लावू. त्याचा चिकटा होतो. चक्री अडेल."

थोरली गोंधळून हसली आणि सासऱ्यांकडे बघायला लागली. सासरे माझ्याकडे वळले. "आपल्या घरचं तेल आहे. त्याने काही होत नाही." शुद्ध मराठीत! मग तिच्याकडे वळून बोलीत काहीतरी म्हणाले आणि दोघंही हसली. काय म्हणाले ते मला कळलं नाही, आजही कळलेलं नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्याच दिवशी मी ठरवलं की या रिव्हॉल्व्हरबद्दल आपण तोंड उघडायचं नाही. अडू दे एकदाचं!

अडायला काही वर्षं गेली. दर दसऱ्याला तेल, दर दसऱ्याला कुंकू, आणि पूजा झाली की मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात. मी तबक धरून मागे उभी. वरून चेहरा देवळातल्यासारखा, आणि मनात म्हणायचे, लाव, अजून लाव.

मग ऐन थंडीत निवडणुका लागल्या. निवडणूक जाहीर झाली की परवान्याची हत्यारं पोलिसांत जमा करावी लागतात, निकालानंतर परत मिळतात. सासरे कापडी पिशवी घेऊन गेले. नेहमी तिथे ओळखीपाळखी निघायच्या, चहा व्हायचा, यायला दुपार उजाडायची. या वेळी लगेच परतले. पिशवी छातीशी धरलेली आणि तोंड एवढंसं झालेलं. थोरलीने पाणी पुढे केलं, तेसुद्धा घेतलं नाही.

झालं होतं असं. जमा करताना ते उघडून, आत गोळी नाही हे दाखवावं लागतं. सासऱ्यांनी खटका दाबला, दोन्ही हातांचा जोर लावला, तेव्हा कुठे ते उघडलं. पण मिटायचं नाव घेईना. कितीही दाबलं तरी जरासं उघडंच राही. चक्री बोटाने फिरवावी तर ढिम्म. हवालदाराने स्वतः खटपट करून बघितली आणि टेबलावर ठेवून दिलं. "आजोबा, असं मी जमा करून घेणार नाही. परत न्यायला याल तेव्हा म्हणाल, पोलिसांनी मोडलं. शनिवारपर्यंत नीट करून आणा, नाहीतर मी नादुरुस्त असा शेरा मारतो. तुमचा परवाना नवा करायला आलाय ना? मग साहेब विचारणारच, या वयात हे बंद पडलेलं खेळणं हवंय कशाला?" मागे रांगेत परवानेवाले उभे होते. त्यातला एक म्हणाला, "आजोबांबरोबर बंदुकीलाही संधिवात झालाय!" आणि सगळी रांग हसली.

हे सगळं सासऱ्यांनी सांगितलं ते जमिनीकडे बघत. त्यांना कुणी म्हातारं म्हटलेलं चालायचं नाही. नातवंडांनी हात धरला तरी झटकून टाकायचे. रिव्हॉल्व्हर गेलं असतं म्हणून कुणी वाडी उचलून नेणार नव्हतं. पण परवाना गेला म्हणजे आपण संपलो, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

आणि मला काय वाटलं? आनंद झाला. इतका झाला की चेहरा दिसू नये म्हणून मी आत जाऊन तांदूळ निवडायला बसले.

बाहेर पुरुषांची मसलत सुरू झाली. आमचे हे म्हणाले, मुंबईच्या दुकानात नेऊ. फोन केला तर दुकानदार म्हणाला, निवडणुकीची गर्दी आहे, ठेवून जा, दोन आठवडे लागतील. शनिवार तर दाराशी येऊन ठेपलेला. मग मोठे दीर म्हणाले, "लाकडाचा तुकडा लावून हातोडीने हलकेच ठोकू या. बसेल." ते हातोडी शोधायला उठलेसुद्धा. आता आनंद त्याच्या जागी, पण चक्रीवर हातोडी? माझे वडील असते तर त्यांना घेरी आली असती. तरीही मी जागची हलले नाही. तेवढ्यात आमचे हे आत आले.

"तुला जमेल ना गं ते?"

"मला कोण विचारतंय?"

"मी विचारतोय की!"

"तुम्ही नाही. ज्यांचं आहे त्यांनी विचारायचं."

त्यांनी कपाळाला हात लावला आणि बाहेर गेले. थोड्या वेळाने सासरे स्वतः स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "तुझे वडील हे काम करायचे ना? जरा बघतेस का?" मी म्हटलं, "हातातलं निवडून येते, बाबा." सुपात निवडायला काही उरलं नव्हतं, पण घेतले चार दाणे इकडून तिकडे करून.

थोरली चुलीपाशी उभी होती, चेहरा पांढराफटक. ती माझ्या कानाशी आली. "माझ्या तेलामुळेच झालं ना गं? तू तेव्हाच सांगितलं होतंस." एखादी म्हणाली असती, असू दे ताई, होतं असं. मी म्हटलं, "उघडून बघितल्यावर कळेल." तिचा चेहरा आणखी उतरला आणि मला बरं वाटलं. वाटलं बरं, काय करू?

दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं आटोपल्यावर पडवीत वर्तमानपत्र पसरलं. एका वाटीत रॉकेल, जुना दातांचा ब्रश, जुन्या धोतराचं फडकं, शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणि झाडूतला एक हीर. पोरांना आत पिटाळलं. परवाना सासऱ्यांच्या नावाचा, तेव्हा त्यांनी तिथून हलायचं नाही असं मीच सांगितलं. ते खुर्ची टाकून समोर बसले. गोळ्या कपाटात कुलपात होत्या, तरी मी चक्रीच्या एकेका भोकातून पलीकडचा उजेड बघितला. वडिलांची तशी शिस्तच होती. आत गोळी नाही हे कुणाच्या शब्दावर मानायचं नाही, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.

फिरणारी वस्तू अडली की वडील आधी जोर लावू द्यायचे नाहीत. आधी ती कुठे अडते ते बघायचं. सगळीकडे सारखीच जड असेल तर चिकटा. एकाच ठिकाणी अडत असेल तर कचरा, नाहीतर काहीतरी वाकलेलं. मी अंगठ्याने चक्री रेटत रेटत फिरवली. सगळीकडे जड. म्हणजे तेल. वर्षानुवर्षांचं खोबरेल आसाभोवती सुकून डिंकासारखं झालेलं, आणि वरून थंडीने आणखी घट्ट. आसाच्या फटीत रॉकेलचे थेंब सोडले, थांबले, पुसलं, पुन्हा सोडले. फडक्यावर आधी पिवळं उतरलं, मग तपकिरी, मग लाल. हळद आणि कुंकू! फडकं मी सासऱ्यांना दिसेल असं पसरून ठेवलं.

रॉकेल मुरेपर्यंत थांबावं लागतं. त्या वेळात सासरे बोलायला लागले. त्या बाराची गोष्ट मी पाहुण्यांबरोबर पुष्कळदा ऐकली होती, पण त्या दुपारी त्यांनी ती वेगळीच सांगितली. म्हणाले, चोर पळून गेल्यावर माझे हात इतके कापत होते की ते उघडायचा खटका दाबवेना, शेवटी तिथेच केळीच्या बुंध्याशी बसून राहिलो. बोलता बोलता त्यांची खुर्ची पुढे सरकली होती. मध्येच त्यांच्या तोंडून बोलीतला एक शब्दही निसटला. मी हात चालवत होते, पण कान सगळे त्यांच्याकडे. वाटलं, हे, हेच मला हवं होतं. ही दुपार माझी आहे. मग ते म्हणाले, "हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. थोरलीला तेवढं ठाऊक आहे."

घ्या! माझ्या हातातला ब्रश इतक्या जोरात चालला की रॉकेल साडीवर उडालं.

चक्री मोकळी झाली. बोटाच्या धक्क्याने भिंगरीसारखी फिरली. सासरे खुर्चीतून अर्धे उठले. मी रिव्हॉल्व्हर मिटायला गेले, आणि ते मिटलं नाही. केसभर उघडं राहायचं. खाली-वर करून बघितलं, पुन्हा केसभर. आतलं काही वाकलं असेल तर ते पडवीत बसून सरळ होणारं नव्हतं, आणि उद्या शनिवार. सासऱ्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "थांबा."

उठून दारातल्या उजेडाला गेले आणि चक्री आडवी धरून तिच्या पाठीकडून बघितलं. चांदणी एका बाजूने नीट खाचेत बसलेली, दुसऱ्या बाजूने किंचित वर. म्हणजे खाली काहीतरी होतं, आणि उचललेली चांदणी मागच्या पत्र्याला जाऊन टेकत होती. नखाने चांदणी वर उचलून धरली आणि खालून हीर फिरवला. लोखंडी तार घातली तर ओरखडे पडतात, हीर बरा. काळा लगदा निघाला. मिटून बघितलं, नाही. पुन्हा हीर, पुन्हा ब्रश. तिसऱ्या खेपेला हिराच्या टोकाला टणक काहीतरी लागलं. मी ते उकरत राहिले आणि टपकन वर्तमानपत्रावर पडलं. तांदळाचा दाणा. चेपून चपटा झालेला, कुंकवाने लाल. पूजेच्या वेळी आत पडून चिकटलेली आणि काल पोलिसांत चांदणी वर उठली तेव्हा तिच्याखाली सरकलेली अक्षता.

"हे बघा, बाबा," मी म्हटलं. मुद्दाम मोठ्याने, आत ऐकू जाईल अशा बेताने. "अक्षता आहे. हिच्यामुळे मिटत नव्हतं, आणि खोबरेलामुळे फिरत नव्हतं." आत भांड्यांचा आवाज थांबला. मी वाट बघत राहिले. आता ते थोरलीला हाक मारतील. निदान म्हणतील, तू तेव्हा सांगितलं होतंस, आम्ही ऐकलं नाही.

सासऱ्यांनी दाणा चिमटीत उचलला, जवळ धरून बघितला आणि पडवीच्या कठड्यावरून बाहेर टाकून दिला. "आता मिटतं का बघ," एवढंच म्हणाले.

मिटलं. खट्! कानाला इतकं गोड लागलं म्हणून सांगू. मग कोरडं पुसून मशीनच्या तेलाचा एक थेंब आसाला लावला आणि चक्री एकेक भोक पुढे अशी फिरवून दाखवली. सासऱ्यांनी स्वतः उघडलं, मिटलं, परत उघडलं. लहान पोरासारखं चाललं होतं त्यांचं. "शाब्बास! हुशार आहेस तू. वडिलांचा हात आहे तुझ्या हाताला." त्यांचे डोळे भरून आले होते. थोरली आतून धावत आली आणि तिने माझा बरबटलेला हात दोन्ही हातांत धरला. "वाचवलंस गं मला." मी हात सोडवून घेतला. म्हटलं, "रॉकेल लागेल तुम्हाला."

जेवताना सासऱ्यांनी सगळ्यांना सांगितलं, धाकटीने कसं उजेडात धरून बघितलं, कसा हीर घातला. थोरलीने मला तळलेल्या बोंबलांतला पहिला वाढला. मग सासरे मला म्हणाले, "उद्या तू पण चल माझ्याबरोबर. काही विचारलं तर तुला सांगता येईल." थोरलीला त्यांनी असं कधी कुठे नेलं नव्हतं! सकाळी मी माहेरची मोतिया रंगाची साडी नेसले. आमचे हे म्हणाले, "पोलीस स्टेशनला चाललीस की लग्नाला?" मी रिक्षात सासऱ्यांच्या शेजारी बसले, पिशवी आमच्या दोघांच्या मध्ये. उतरताना ते म्हणाले, "सांभाळून," आणि माझा हात धरला. मला वाटलं, झालं. मिळालं आपल्याला.

शनिवार म्हणून रांग मोठी होती. संधिवातवाला त्या दिवशी नव्हता, पण मागच्या वेळचे काही चेहरे होतेच. सासरे हळूच मला ते दाखवत होते. आमचा नंबर आला. हवालदाराने खटका दाबला, रिव्हॉल्व्हर उघडलं, चक्री फिरवली, मिटलं. खट्. "अरे वा! कुठल्या दुकानात केलंत?"

"दुकान कसलं?" सासरे सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले. "ही माझी धाकटी सून. हिने केलं. हिचे वडील तुमच्याच खात्यात आर्मोरर होते."

माझी मान अशी ताठ झाली! हवालदाराने मला खुर्ची दिली. "बाई, झालं काय होतं नेमकं?"

"खोबरेल तेल," मी म्हटलं. "दसऱ्याच्या पूजेत लावतात. त्याचा चिकटा झाला होता. आणि चांदणीखाली अक्षता अडकली होती."

हवालदार हसायलाच लागला. पलीकडच्या शिपायाला हाक मारून म्हणाला, "अरे ऐकलंस का? रिव्हॉल्व्हरला खोबरेल! अहो आजोबा, कुणी केली हो याची चंपी?"

रांग फिदीफिदी हसली. मी सासऱ्यांकडे बघितलं. आता सांगतील. थोरली सून करते पूजा, एवढं म्हणायचं होतं. खरं तेच होतं, आणि ती काही तिथे नव्हती. तिला काय फरक पडणार होता?

"मीच," सासरे म्हणाले. "मीच लावतो दर वर्षी. म्हातारा झालो, दुसरं काय! अक्कल जाते या वयात."

पुन्हा हशा झाला, आधीपेक्षा मोठा. सासरेही त्यात हसले. सही केली, पावती घेतली, मला म्हणाले, "चल."

मी त्या साडीत तिथेच उभी राहिले. नातवंडांचा हात झटकणारा हा माणूस! एका थट्टेपायी परवा ज्याच्या घशाखाली पाणी उतरलं नव्हतं, तो त्याच लोकांसमोर स्वतःला म्हातारा आणि बिनअकलेचा म्हणवून घेऊन हसत होता. का? तर घरी चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईला परक्यांनी हसू नये म्हणून. मला शाबासकी मिळाली होती, चारचौघांत, आणि ती खरी होती. पण काम केलं की शाबासकी आपण वायरमनलाही देतो. तिने काय केलं होतं? बिघडवलं होतं! आणि तिच्यासाठी ते खोटं बोलले. रिक्षात बसल्यावर माझ्या मनात आलं, आपणही काहीतरी मोडून बघावं. पण मी मोडलं असतं तर ते खरं तेच बोलले असते, हे मला तेव्हाच कळलं होतं. परतीच्या वाटेवर ते माझ्याशी खूप बोलले, आणि मी नुसती हूं हूं करत होते.

थोरली दारातच होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "काय म्हणाले गं तिथे? माझा विषय निघाला का?"

"नाही," मी म्हटलं.

सासरे जाऊन आता बरीच वर्षं झाली. पोरांना नको होतं म्हणून रिव्हॉल्व्हर कधीच सरकारजमा झालं. आम्ही दोघी जावा तेवढ्या एका छताखाली उरलोय. अर्नाळ्याची मासेवाली आली की दोघी मिळून घासाघीस करतो, संध्याकाळी एकत्र मालिका बघतो, आणि लोक म्हणतात, जावा असाव्यात तर अशा. पण दसरा जवळ आला की थोरलीला ते आठवतं. मग ती माझ्याजवळ सरकते आणि खालच्या आवाजात विचारते, "बाबा कधी बोलले नाहीत गं, पण माझा राग आला असेल ना त्यांना तेव्हा? मनात राहिलं असेल का?" या वयात, खरंच घाबरून विचारते. माझ्या जिभेच्या टोकावर सगळं येतं, ती रांग, तो हवालदार, ते "मीच". एका वाक्यात तिचा जीव भांड्यात पडेल.

मी म्हणते, "आला असेल थोडा."